‘फिट येते का?’

लग्नाला चार दिवस झाले होते. साखरेच्या बरणीचं झाकण काही केल्या उघडेना. ती बरणी मी आमच्या ह्यांच्या पुढ्यात आदळली आणि म्हटलं, “बघा जरा, फिट बसलंय.” ह्यांनी बरणी हातात घेतली, झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि खूश होऊन म्हणाले, “वा! काय फिट बसलंय!” आणि बरणी मला परत दिली. त्या दिवशी चहा बिनसाखरेचा झाला. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की हा शब्द मला जन्मभर पुरणार आहे.

हे फायर ब्रिगेडच्या शिवणखात्यात कटिंग मास्तर. जवानांच्या पँटी बेतायच्या, कापायच्या, एकेकाला घालायला लावून बघायच्या, हे ह्यांचं काम. एकतीस वर्षं तेच. पँट नीट बसली की हे दोन पावलं मागे सरणार, एक डोळा मिटणार आणि म्हणणार, “फिट आली!” त्यावरून सगळे ह्यांना फिटमास्तर म्हणतात. खुद्द मोठे साहेबसुद्धा. मला बाजारात कुणी हाक मारली तर तीही ‘अहो फिटवहिनी’ अशी. आता ह्यावर काय बोलणार!

बरं, हा शब्द एका अर्थानं वापरावा ना माणसानं. नळवाल्यानं तोटी बसवली, की ‘फिट झाली’. डॉक्टरांनी तब्येत चांगली म्हटली, की ‘फिट आहे’. एखादी गोष्ट डोक्यातून जात नसेल, की ‘फिट बसलीय’. माझी मोठी नणंद एकदा नवा ब्लाउज घालून आली आणि कासावीस होऊन म्हणाली, “दादा, फारच फिट झालाय रे.” तिचा श्वास कोंडला होता बिचारीचा. हे म्हणाले, “मग झकास!” ती दोन महिने ह्यांच्याशी बोलली नाही.

त्यात आपल्या भाषेची तऱ्हा आणखी निराळी. गाठ फिटली म्हणजे सुटली. म्हणजे पँट फिट झाली तर शाबासकी, आणि पँट फिटली तर अब्रू गेली! मी हे ह्यांना एकदा बोलून दाखवलं तर दिवसभर हसत होते. मग संध्याकाळी गंभीर होऊन मला म्हणाले, “तुला सांगू का, कपडा फिट म्हणजे घट्ट नव्हे. घातलाय हे ज्याला आठवत नाही, त्याचा कपडा फिट.” मी म्हटलं, “हो का? मग तुम्हाला मीसुद्धा फिटच झालेली दिसते. घरात आहे हे आठवतच नाही तुम्हाला.” ह्यांनी लगेच टेप गुंडाळायला घेतला.

तर असा आमचा संसार. एकुलती एक लेक. उंचीनं बापाच्याही वर गेलेली, लहानपणी कपाटावर चढून बसायची. ह्या वर्षी फायर ब्रिगेडमध्ये पहिल्यांदाच मुली घेतल्या. नऊजणी. त्यातली एक आमची. ती ‘फिट’ म्हणून पास झाल्याचा कागद घेऊन आली तेव्हा हे तो कागद घेऊन आळीभर फिरले. मी मात्र तो कागद हातातही धरला नाही. आगीत शिरायची नोकरी, आणि तीही माझ्या पोरीची!

ट्रेनिंग सुरू झालं. पोरींना सरावासाठी जवानांच्या जुन्या पँटी दिल्या. कंबर घट्ट करायला पट्टा, खाली दुमडी, आणि मधे नुसता घोळ. लेक रोज येऊन जेवून झोपायची, तक्रार म्हणून नाही. एका रविवारी मी ती पँट धुऊन वाळत घातली. हे सहज दोरीशी गेले आणि तिथेच थांबले. गुडघ्यावर फाटली होती. ह्यांनी आत हात घालून ती फाट पाहिली, मग घोळ चिमटीत धरून पाहिला.

“शिडीवर अडकली ना?” ह्यांनी लेकीला विचारलं.

“अडकली नाही काही. जराशी,” ती म्हणाली.

“किती पायऱ्या घसरलीस?”

तिनं हळूच दोन बोटं दाखवली.

मी जी ओरडायला सुरुवात केली ती केली. हे सुई-दोरा घेऊन गुडघ्याला रफू करत बसले. रात्रीच्या जेवणाला बसले, तेव्हा एवढंच म्हणाले, “नव्या गणवेशाचं कापड पुढच्या महिन्यात येतंय. नऊच्या नऊ पँटी मी स्वतः कापणार.”

आता अडचण अशी, की ह्या महिन्याच्या अखेरीस हे निवृत्त होत होते. एक वर्ष वाढवून मिळत होतं, साहेबांचीही इच्छा होती, पण त्याला ब्रिगेडच्या डॉक्टरांचा ‘फिट’ असा शेरा लागत होता. आणि हे नसले तर शिवणखात्याचं कटिंगचं टेबल बंद करून तयार पँटी मागवायच्या, असं वरून ठरलं होतं. लहान, मध्यम, मोठी. झालं. माझ्या पोरीचे पाय त्यातल्या कुठल्याच मापात बसत नाहीत, हे मी आई म्हणून सांगते.

महिना संपायला दहा दिवस होते तेव्हा हे तपासणीला गेले. डॉक्टरीणबाई नवीन होत्या, तरुण. संध्याकाळी हे घरी आले ते शीळ घालतच. “काय गुणी मुलगी आहे!” म्हणाले. “माझ्या कामाबद्दल इतकं बारकाईनं आजवर कुणी विचारलं नव्हतं. शिवाय निघताना हाताला धरून दारापर्यंत सोडलं.” मलाही बरं वाटलं. म्हातारपणी कुणी कौतुक केलं तर का नको?

दुसऱ्या दिवशी हे भरदुपारी घरी आले. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गळ्यातला टेपसुद्धा काढला नव्हता. खुर्चीत बसले आणि हातातला कागद माझ्यापुढे धरला. त्यावर लिहिलं होतं, ‘अनफिट’.

“मला!” हे म्हणाले. “मला अनफिट? अगं, एक पँट परत आली असेल तर शपथ!”

“हा पँटीचा शेरा नाही हो, तब्येतीचा आहे.”

“तब्येतीला काय झालंय? हेडक्लार्क म्हणतो, मास्तर, तुम्हाला फिट येतात म्हणे, तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंत.”

माझ्या डोक्यात काहीतरी चमकलं. मी ह्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. म्हटलं, “काल तिनं काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलंत, एकेक टाका उसवून सांगा. गाळू नका काही.”

ह्यांनी सांगितलं ते असं. बाईंनी मान खाली घालून फॉर्म भरत विचारलं, “काम काय करता?” हे म्हणाले, “पँटी. जवानांच्या.” “किती वर्षं?” “इथे एकतीस. त्याआधी वडिलांच्या हाताखाली.” बाईंनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न वाचला, “फिट येते का?”

“येते म्हणजे? कायम येते!” इति आमचे हे.

बाईंनी मान वर केली. “कायम? महिन्यातून साधारण किती वेळा?”

“महिन्यातून कसली! दिवसाला पाच-सहा. भरती असली की दहा-दहासुद्धा.”

“बाप रे. पहिली कधी आली होती?”

“सतरा वर्षांचा होतो. वडिलांसमोर. नुसता घामाघूम झालो होतो. पण आली!”

“वडिलांनाही…?”

“त्यांना तर झोपेतसुद्धा आली असती. आजोबांचंही तेच. घराण्यातच आहे आमच्या.”

“येण्याआधी काही जाणवतं का?”

“माणूस दारातून आत आला ना, की मला कळतं. येणार.”

“शेवटची कधी आली?”

“आज सकाळीच. ड्रायव्हरची. जरा वेळ लागला, पण आली.”

“आणि औषध काय घेता?”

“औषध? मी? घोटभर चहा घेतो, बस्स.”

मी तोंडावर पदर धरला, पण हसू काही आवरेना. स्टुलावरून पडायचीच बाकी होते. हे आधी चकित झाले, मग चिडले. “हसतेस काय? काय चुकीचं सांगितलं मी?”

“अहो, फिट म्हणजे ती फिट नव्हे! हातपाय ताठ होऊन माणूस पडतो ना, ती! मिरगी, मिरगी!”

ह्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. प्रत्येक उत्तर ह्यांना पुन्हा आठवत असणार. “झोपेतसुद्धा,” असं स्वतःशीच म्हणाले. “अरे देवा. आणि मी आजोबांनाही मधे आणलं.” मग म्हणाले, “पण मग तसं नीट विचारायचं ना! पँटीचं बोलणं चाललं असताना मधेच मिरगी कशाला?”

तेवढ्यात माझं लक्ष खिडकीतून दोरीकडे गेलं. लेकीची पँट वाळत होती, गुडघ्याला रफू केलेली. माझं हसू तिथेच विरलं. म्हटलं, “उठा. चपला घाला. आपण दोघं जातोय.”

डॉक्टरीणबाईंनी आमचं सगळं ऐकून घेतलं. मी सांगत होते, हे मान डोलवत होते. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “काकू, काल हो आणि आज नाही. नोकरीवर गदा आली की माणसं आजार लपवतात, हे मी रोज बघते. फिट येणं म्हणजे काही पाप नाही, औषध घेऊन लोक उत्तम कामं करतात. पण काकांच्या टेबलावर विजेची कात्री आहे. ती चालू असताना फिट आली आणि हात खाली गेला तर? मेंदूच्या डॉक्टरांकडून तपासून आणा, मी शेरा बदलते.”

मेंदूच्या डॉक्टरांकडे नंबर तीन आठवड्यांनी लागत होता. इथे दिवस उरले होते नऊ. आणि बाई बोलत होत्या ते अगदी बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त संताप आला. समोरचा चुकत असला की भांडायला बरं पडतं. मी तरी भांडलेच. म्हटलं, “तीस वर्षं ह्यांच्या शेजारी झोपतेय मी. घोरण्याखेरीज ह्यांना काही म्हणजे काही येत नाही!” बाहेर रांगेत बसलेलं कुणीतरी खुदकन हसलं.

ह्यांचं मात्र भांडणाकडे लक्षच नव्हतं. मी कोपरानं ढोसलं तरी नाही. बाईंच्या पांढऱ्या कोटाकडे एकटक बघत होते.

“डॉक्टर,” शेवटी म्हणाले, “हात जरा सरळ खाली सोडता?”

बाईंनी गोंधळून, उभं राहून सोडले. बाह्या बोटांपर्यंत आल्या.

“पाऊण इंच जास्त आहेत. उजवी तर इंचभर, कारण तुमचा उजवा खांदा किंचित खाली आहे. पिशवी त्याच खांद्याला लावता ना? काल लिहिताना तुम्ही ही बाही सहा वेळा वर सारलीत. तयार घेतलाय कोट. तो तुम्हाला येत नाही.”

“येत नाही म्हणजे?”

“म्हणजे फिट येत नाही,” हे म्हणाले. “आणि माझ्या हातची येते. काल मी एवढंच सांगत होतो हो.”

बाई तशाच उभ्या राहिल्या, बाह्या लोंबत्या सोडून. मग त्यांनी फाइलमधून कालचा फॉर्म ओढून काढला आणि वाचायला लागल्या. पहिल्यांदा मनात, मग हलक्या आवाजात. “दिवसाला पाच-सहा… भरतीच्या वेळी दहा…” त्यांचा ओठ थरथरला. “इथे मी ‘ड्रायव्हर’ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. मला वाटलं, तुम्हाला फिट आली तेव्हा ड्रायव्हर जवळ होता.”

“जवळ काय, आतच होता,” हे म्हणाले. “पँटीच्या.”

मग मात्र बाई खुर्चीत कोसळल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. कंपाउंडर धावत आत आला, त्याला त्यांनी हातानंच बाहेर जायला सांगितलं. त्यांचा संशय फिटला होता, पण पोरगी कामाची पक्की. म्हणाल्या, “मी हसले म्हणून सही करणार नाही, काका. मेंदूचे डॉक्टर माझे सर आहेत. आज संध्याकाळी तुम्हाला बघा म्हणून सांगते.” फोन केला आणि सरांना किस्सा सांगता सांगता पुन्हा दोनदा हसल्या.

संध्याकाळी सरांनी ह्यांना तासभर तपासलं. चालवलं, डोळे मिटून उभं केलं, दिवे लावून पाहिले, डोक्याला तारा लावल्या. शेवटी त्यांनीही तोच प्रश्न विचारला. हे माझ्याकडे बघून, शब्द तोलून म्हणाले, “मला स्वतःला येत नाही. पँटींना येते.” तसंच लिहून मिळालं, पहिलं वाक्य तरी. दुसऱ्या दिवशी बाईंनी नव्या फॉर्मवर ‘फिट’ लिहून सही केली. ह्यांनी त्यांचा कोट घरी आणला, खांदा उसवून नीट केला, बाह्या आखूड केल्या आणि नेऊन दिला. फिट्टंफाट!

कापड आलं. नऊ पोरींची मापं घ्यायची म्हटल्यावर हे लाजले आणि मला शिवणखात्यात घेऊन गेले. मी टेप धरायचा, ह्यांनी पाठ फिरवून आकडे लिहायचे. मला वाटलं, कंबर, मांडी, उंची, संपलं. कसचं काय! हे पाठमोरेच हुकूम सोडत होते. “बसायला सांग. आता उकिडवं. आता टेबलावर एक पाय ठेवायला सांग, गुडघ्यावरचं माप घे. सैल नको, तू टेप ओढतेस, मला इथून कळतंय!” पोरी खिदळत होत्या. उभ्या माणसाचं माप सगळेच घेतात, हे म्हणत, आग लागल्यावर उभं कोण राहतंय?

आमच्या लेकीची पाळी शेवटी आली. तिचं माप ह्यांना तोंडपाठ होतं, तरी मला दोनदा घ्यायला लावलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, “अहो, ती तीच आहे, वाढली नाही मघापासून.” बघते तर ह्यांच्या हातातली पेन्सिल मोडली होती आणि हे उगाचच खिसे चाचपत होते. त्या पँटीला ह्यांनी गुडघ्याशी आतून वेगळा तुकडा घातला. मग म्हणाले, एकीलाच का, आणि बाकीच्या आठही पँटी उसवून सगळ्यांना घातला.

नव्या गणवेशातला पहिला सराव होता तो दिवस मी विसरणार नाही. तीन मजल्यांची शिडी. घरच्यांनी मैदानावर यायचं नाही, असा हुकूम होता. ह्यांनी रजा टाकली आणि सकाळपासून दारातून खिडकीत, खिडकीतून दारात. मी भाजी निवडायला घेतली, पण देठं भांड्यात आणि पानं केरात टाकत होते. अकरा वाजले. साडेअकरा झाले. फोन वाजला तसा ह्यांनी तो उचलला आणि माझ्या हातात दिला. “तू घे,” म्हणाले.

“आई!” लेक धापा टाकत होती. “बाबांना सांग, फिट आली!”

“अहो!” मी अख्ख्या घराला ऐकू जाईल अशी ओरडले. “फिट आली! फिट आली हो!”

हे मटकन पायरीवरच बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. शेजारच्या वहिनींनी फक्त माझी आरोळी ऐकली होती. त्या पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या, ह्यांना तसं बसलेलं पाहिलं, आणि सबंध तांब्या ह्यांच्या डोक्यावर रिकामा केला.

“अहो वहिनी, ह्यांना नाही, पँटीला!” मी ओरडले, पण पाणी पडून गेलं होतं.

हे निथळत होते. तोंडावरून पाणी वाहत होतं, त्यातलं तांब्यातलं किती आणि ह्यांचं किती, ते मी विचारलं नाही. ह्यांनी हात पुढे करून फोन मागितला.

“गुडघ्यात?” ह्यांनी विचारलं. “वाकताना कुठे धरली? ओढली? खरं सांग.”

पलीकडून ती इतक्या जोरात बोलली की मलाही ऐकू आलं, वहिनींनाही. “बाबा, वर जाऊन खाली आले, तिघींना खांद्यावरून उतरवलं. पँट घातलीय हेच विसरले होते मी!”

वहिनींनी डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी भिजल्या बाहीनं चेहरा पुसला आणि एक डोळा मिटला.